हक्कांचा लेखाजोखा – लेखांक 6 : गावाने भरलेलं प्रगतिपुस्तक
आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 10 एप्रिल 1979 रोजी सामील झाला, हे आपण आधी पाहिलं. करार पाळला जातो की नाही, हे तपासायला जिनिव्हात 18 तज्ज्ञांची समिती बसते. सरकारने तिला ठरावीक काळाने अहवाल द्यायचा, समितीने प्रश्न विचारून शिफारशी करायच्या. भारताची अशी तपासणी मे 2008 मध्ये झाली. पुढचा अहवाल 30 जून 2011 पर्यंत द्यायचा होता. ती मुदत तशीच उलटली. अहवालच आला नाही, तर समितीच्या हातात फारसं काही उरत नाही. म्हणून आज खालून वर जाणारी देखरेख पाहू. तिचा एक महत्त्वाचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झाला आहे.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 मध्ये सुरू झालं, तेव्हा सेवांवर लोकांनी लक्ष ठेवावं हे त्याच्या आराखड्यातच होतं. महाराष्ट्रात 2007 मध्ये ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली ती पाच जिल्ह्यांत : अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आपला आजचा धाराशिव. जिल्ह्यातले तीन तालुके, तालुक्यातली तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि प्रत्येक केंद्राखालची पाच गावं, अशी मांडणी होती. म्हणजे एका जिल्ह्यात 45 गावं. राज्यपातळीवरचा समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होता.

गावात बैठक घेऊन साधे प्रश्न विचारले जात. नर्सबाई येतात का? आल्या तर वस्तीवरही जातात का? गरोदर बाईचा रक्तदाब तपासला जातो का? केंद्रात औषध मिळतं, की बाहेरून आणायची चिठ्ठी हातात पडते? जननी सुरक्षा योजनेचे पैसे मिळाले का? उत्तरांवरून प्रत्येक सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दिला जाई. तक्रारी केंद्राच्या, तालुक्याच्या, जिल्ह्याच्या समितीपुढे जात आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना लोकांसमोर उभं राहून उत्तर द्यावं लागे. आजवर ज्याची फक्त नोंद व्हायची, तो माणूस इथे तपासणारा झाला. मला या प्रयोगातलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं.

जिनिव्हाच्या समितीने 2000 साली आरोग्याच्या हक्कासाठी चार कसोट्या सांगितल्या : सेवा उपलब्ध हवी, प्रत्येकाच्या आवाक्यात हवी, लोकांचा मान राखणारी हवी आणि दर्जेदार हवी. गावच्या बैठकीतले प्रश्न याच कसोट्यांचे होते.

मात्र एक धोका ओळखायला हवा. औषधं वरूनच आली नाहीत, तर लाल रंगाचा राग नर्सबाईंवर निघतो. करार जबाबदारी टाकतो ती राज्यसंस्थेवर : हाती असलेली जास्तीत जास्त साधनं वापरून हक्क टप्प्याटप्प्याने पूर्ण करायचे. म्हणून गावातला लाल रंग औषधखरेदीपर्यंत, रिक्त पदांपर्यंत, अर्थसंकल्पापर्यंत पोचला पाहिजे. तिथे पोचेपर्यंत तो अनेकदा फिका पडतो.

वरून होणारी मोजणीही आहेच. 2018 पासून धाराशिव केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. महाराष्ट्रातून सोबत नंदुरबार, वाशिम आणि गडचिरोली. आरोग्य, शिक्षण, शेती-पाणी, आर्थिक समावेशन आणि पायाभूत सुविधा यांचे 49 निर्देशक मोजून नीती आयोग जिल्ह्यांचा क्रम लावतो. मोजणी व्हावीच; तिच्यामुळे प्रशासन हलतं. पण जिल्ह्याची सरासरी सुधारली म्हणून प्रत्येकाचा हक्क पूर्ण झाला असं होत नाही. हक्काची तपासणी सरासरीपाशी थांबत नाही, मागे कोण राहिलं हे विचारते. कळंब, भूम, वाशीकडची ऊसतोड जोडपी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जातात. त्यांच्यातल्या गरोदर बाईची तपासणी गावच्या केंद्राने मोजायची, की जिथे फड पडलाय तिथल्या? दोघांच्याही नोंदीतून ती सुटू शकते.

त्यांच्या मुलांच्या शाळेचं काय होतं आणि हंगामी वसतिगृहं त्यावर किती उपयोगी पडतात, ते पुढच्या आठवड्यात.