भीमाकाठची छावणी आणि पडद्यावरचं 1700

‘एम्पायर: टोटल वॉर’ हा ब्रिटिश कंपनी क्रिएटिव्ह असेंब्लीचा संगणकावरचा खेळ 2009 मध्ये आला. नकाशावरच्या चाली आळीपाळीने, लढाई मात्र प्रत्यक्ष वेळेत. मराठी मुलांना तो जवळचा वाटतो याचं कारण सोपं आहे: त्यात मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येतं. मुख्य मोहीम सुरू होते 1700 मध्ये.

त्याआधीची चार-पाच वर्षं, 1695 ते 1699, औरंगजेबाचा तळ सोलापूर जिल्ह्यातच होता. मंगळवेढा तालुक्यातल्या माचणूरजवळ, भीमेकाठी ब्रह्मपुरीला. त्याच काळात संताजी-धनाजींनी मोगली फौजांना हैराण केलं ते रसद तोडून आणि अचानक छापे घालून. खेळात सैन्याचा खर्च आहे, पण रसदीची वाट नाही. मग गनिमी कावा उरतो कुठे? मराठे उघड्या मैदानावर रांगा लावून बंदुका झाडतात. जाणत्या खेळाडूंची ही तक्रार मला पूर्ण पटते.

किल्ल्यांचंही तेच. पडद्यावर सगळीकडे युरोपीय धाटणीचा तारेच्या आकाराचा कोट. डोंगरी किल्ला नाही, की सोलापूरसारखा खंदक आणि दुहेरी तटाचा, एका अंगाला सिद्धेश्वर तलावाचं पाणी असलेला भुईकोट नाही.

अनेक खेळाडूंचा आणखी एक अनुभव: संगणकाच्या हाती दिलेले मराठेही बहुतेकदा मोगलांना हटवून हिंदुस्थान व्यापतात. आपल्याकडच्या पोरांना ही गोष्ट मनापासून आवडते.