यंत्राचीही तपासणी व्हावी लागते

नेसरी आणि आसपासच्या वस्त्यांतून सीटी स्कॅन किंवा मॅमोग्राफीसाठी गडहिंग्लज, नाहीतर कोल्हापूर गाठावे लागते. एसटीचे भाडे जाते, दिवसाची मजुरी बुडते आणि हातात एक रिपोर्ट येतो. पुढचे उपचार त्या रिपोर्टवर ठरतात. म्हणून आपण विचारले पाहिजे: आपल्याला तपासणारे यंत्र कोणी तपासले आहे का?

शरीराची नक्कल

यंत्राची परीक्षा माणसावर घेता येत नाही. माणसाच्या आत नेमके काय आहे हे आधी ठाऊक नसते आणि एक्स-रेचा मारा विनाकारण कोणावर करायचा नसतो. म्हणून शरीराची नक्कल बनवतात. तिला 'फँटम' म्हणतात. तिच्या आत कोणती वस्तू, किती मोठी, किती खोल ठेवली आहे हे पक्के माहीत असते. यंत्राने तसेच दाखवले तर ते पास.

सोनोग्राफीसाठी ही नक्कल जिलेटीन किंवा आगरची, म्हणजे आपल्या चायना ग्रासची, करता येते. मांसातून आवाज सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगाने जातो असे धरूनच सोनोग्राफीचे यंत्र मोजमाप करते. त्याच वेगाच्या जेलीत ठरावीक अंतरावर बारीक धागे बसवतात. एक सेंटिमीटरचे अंतर यंत्राने एकच सेंटिमीटर दाखवले पाहिजे. माप चुकले तर पोटातल्या बाळाचे आठवडेही चुकतात.

सीटी स्कॅनसाठी पाण्याने भरलेले गोल भांडे वापरतात. पाण्याचा आकडा 0 आणि हवेचा उणे 1000 यायला हवा.

मॅमोग्राफीची परीक्षा आमच्या माता-भगिनींनी जरूर समजून घ्यावी. अमेरिकेच्या रेडिऑलॉजी संस्थेचा एक प्रसिद्ध ठोकळा आहे. तो दाबलेल्या 4.2 सेंटिमीटर जाडीच्या स्तनासारखा असतो. त्यात 6 तंतू, बारीक कणांचे 5 पुंजके आणि 5 गाठी लपवलेल्या असतात. त्यांपैकी किमान 4 तंतू, 3 पुंजके आणि 3 गाठी दिसल्याच पाहिजेत. ज्या यंत्राला ठोकळ्यातली गाठ दिसत नाही, त्याला बाईच्या छातीतली कशी दिसेल?

नक्कल कोणाच्या शरीराची?

कोरोनाच्या काळात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला. तो चित्र काढत नाही, पण प्रकाश कातडीतून पाठवूनच मोजतो. 2020 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ऑक्सिमीटर 92 ते 96 दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात 88 टक्क्यांच्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के, तर काळ्या रुग्णांत 11.7 टक्के आढळले. कातडीतला काळा रंग प्रकाश शोषतो. आपल्यातले बहुतेक जण सावळे किंवा काळे आहेत. म्हणून प्रकाशावर चालणाऱ्या यंत्रांच्या परीक्षेसाठी गोऱ्या, सावळ्या आणि काळ्या अशा सगळ्या कातडीच्या नकला हव्यात. समतेचा प्रश्न प्रयोगशाळेतही असतो.

आपण काय करावे?

एक्स-रे, सीटी आणि मॅमोग्राफीवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण आहे. 1983 साली स्थापन झालेल्या या मंडळाचे कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. त्याच्या नियमाप्रमाणे अशा यंत्राची गुणवत्ता चाचणी दर दोन वर्षांतून किमान एकदा व्हावी लागते. म्हणून:

1. केंद्राकडे मंडळाचा परवाना किंवा नोंदणी आहे का आणि शेवटची चाचणी कधी झाली, हे नम्रपणे पण स्पष्ट विचारा. एकट्याने विचारायला संकोच वाटला तर महिला मंडळाने मिळून विचारावे.
2. जुन्या फिल्म आणि रिपोर्ट जपून ठेवा. डॉक्टरांना तुलना करता येते आणि पुन्हा एक्स-रे काढणे टळू शकते.
3. रिपोर्ट चांगला आला, पण गाठ हाताला लागते किंवा धाप थांबत नाही, तर आकड्यावर विसंबू नका. पुन्हा डॉक्टरांकडे जा.

हे वाचून तपासणी टाळू नका. न तपासलेला आजार सर्वांत घातक. बुद्धांनी कालामांना सांगितले की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नये, पारखून घ्यावे. दवाखान्यातल्या यंत्रालाही तोच न्याय लावू या.

जय भीम!