रात्रभर जागणारा कॉम्प्युटर

घरात सगळ्यांत शेवटी कोण झोपतं, हे मैत्रिणींनो तुम्हाला सांगायला नको! गॅसचा नॉब पाहायचा, विरजण लावायचं, दाराला कडी घालायची आणि मग कुठे अंथरुणाला पाठ टेकायची. हल्ली या कामांत आणखी एकाची भर पडली आहे. टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर झोपला की नाही, ते बघायचं.

मुलं शिकायला बाहेरगावी गेली, सोबत लॅपटॉप घेऊन गेली, की घरातला जुना डेस्कटॉप तसाच पडून राहतो. मग कोणीतरी तो एका केबलने टीव्हीला जोडून देतं. झालं घरचं थिएटर! जुनी नाटकं, कीर्तनं, लग्नाचं शूटिंग, सगळं मोठ्या पडद्यावर. आमच्या सासूबाईंची दुपार त्यावर छान जाते. गोम एवढीच, की रिमोटने टीव्ही बंद केला तरी कॉम्प्युटर चालूच राहतो. टीव्ही हा त्याचा नुसता पडदा. वीस-तीस मिनिटं कोणी हात लावला नाही, की कॉम्प्युटरने आपला आपण डोळा मिटावा, अशी सोय त्यात असते. तिला 'स्लीप' म्हणतात. सेटिंग्जमध्ये वेळ नीट लावलेली असूनही आमचा काही झोपेना. पहाटे हॉलमध्ये यावं तर आतला पंखा घूं घूं करतोय आणि डबा गरम!

यात बिघडतं काय, असं कोणी म्हणेल. साधा हिशोब करू. रिकामा चालणारा डेस्कटॉप साधारण ६० वॅट वीज खातो असं धरा. दिवसाचे १६ तास तो उगाच चालू राहिला, तर जवळजवळ एक युनिट. म्हणजे महिन्याला २८-२९ युनिट. झोपलेला असेल तर दोन-तीन वॅटवर भागतं. महावितरणच्या घरगुती बिलात पहिली १०० युनिट कमी दराने असतात आणि १०१ पासून दर चढतो. काटकसर करून शंभराच्या आत राहणाऱ्या घराला हा जागता कॉम्प्युटर सहज वरच्या पायरीवर नेऊन ठेवतो.

गावातल्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. पाच मिनिटं बघून तो आमच्या 'ह्यां'ना म्हणाला, "साहेब, मशीन जुनं झालं, आता नवीनच घ्या." प्रश्न मी विचारत होते, उत्तर मात्र 'ह्यां'ना मिळत होतं. नेमकं काय बिघडलंय, ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

रात्री पुण्याला कॉम्प्युटर शिकणाऱ्या भाचीला फोन केला. ती हसून म्हणाली, "मावशी, तो का जागा आहे हे त्यालाच विचार ना! तो सांगतो."

आणि खरंच सांगतो, बरं का! विंडोज ७ आलं २००९ साली, तेव्हापासून ही सोय त्यात आहे. स्टार्टमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' शोधायचं, त्यावर उजवं क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडायचं. काळी चौकट उघडते. तिच्यात इंग्रजीत 'पॉवर' आणि त्याला जोडूनच सी, एफ, जी ही अक्षरं टाइप करायची. मग एक जागा सोडून तिरकी रेघ, तिला लागून 'रिक्वेस्ट्स' हा शब्द आणि एंटर. कॉम्प्युटरला जागं ठेवणाऱ्यांची यादीच समोर येते. ज्या मथळ्याखाली 'नन' लिहिलंय, तिथे कोणी नाही. जिथे नाव दिसेल, तो चोर.

आमच्याकडे तीन चोर निघाले.

पहिला, ब्राउझर. एक कीर्तन संपलं की दुसरं आपोआप सुरू होत होतं. टीव्ही बंद, ऐकायला कोणी नाही, तरी बुवा आत गातच होते! व्हिडिओखालचं 'ऑटोप्ले' बंद केलं. सासूबाईंना म्हटलं, "आई, ऐकून झालं की ही खिडकी फुलीवर दाबून बंद करायची." त्या लगेच शिकल्या.

तरी झोपेना. पुन्हा यादी काढली, तर कुठलातरी आवाज वापरात आहे असा इंग्रजी शेरा होता. मुलाशी बोलायला कॅमेरा लावलाय. बोलणं संपलं तरी ते व्हिडिओ कॉलचं ॲप मागे चालू राहून माइक धरून बसत होतं. ते पूर्ण बंद केलं आणि कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप उघडणार नाही, असंही करून टाकलं.

आता सगळीकडे 'नन' आलं, तरीही स्वारी जागीच! भाचीने विचारलं, "मावशी, माऊस कशावर ठेवतेस?" काचेच्या टीपॉयवर. काचेवर माऊसच्या खालच्या दिव्याला नीट दिसत नाही. बाण आपोआप थरथरतो आणि कॉम्प्युटरला वाटतं, कोणीतरी काम करतंय. हे त्या यादीत येत नाही. माऊसखाली जुन्या वहीचा पुठ्ठा ठेवला. त्या रात्री अर्ध्या तासात पंखा शांत!

तुमचा कॉम्प्युटर झोपतो, पण मध्यरात्री आपणहून उठतो, असं असेल तर उपाय वेगळा. त्याच काळ्या चौकटीत 'रिक्वेस्ट्स'ऐवजी 'लास्टवेक' लिहिलं, की शेवटचं कोणी उठवलं ते बहुतेक वेळा कळतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'स्लीप'खाली 'वेक टायमर्स' असतं, ते बंद करता येतं. आणि एक लक्षात ठेवा, स्लीप म्हणजे बंद नव्हे. झोपेत असताना लाइट गेली तर सेव्ह न केलेलं काम जाऊ शकतं. जिथे लाइट वरचेवर जाते, तिथे रात्री सरळ 'शट डाऊन' केलेलं बरं.

खर्च किती आला? एक पुठ्ठा आणि दोन फोन! हे बचत गटाच्या बैठकीत सांगितलं, तर एकीने तिथेच वही काढून काळ्या चौकटीतले शब्द उतरवून घेतले. तिच्याही घरी "नवीनच घ्या" असं सांगून कोणीतरी गेलं होतं. यंत्र जुनं झालं असं कोणी म्हटलं, तर आधी कारण विचारा. सांगणाऱ्याला ते येत नसेल, तर यंत्रालाच विचारा. आपण बाई आहोत की साहेब, हे यंत्र बघत नाही. विचारेल त्याला ते उत्तर देतं.