हिरव्या गालांचा माणूस आणि आपलं वाशीम

गाल हिरवे, केस लाल आणि नाक म्हणजे कुऱ्हाडीने छाटल्यासारखी नुसती एक रेघ! असं चित्र वहीत काढलंत तर चित्रकलेच्या बाई काय म्हणतील, ते मला विचारू नका. पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जर्मनीतले काही तरुण मुद्दाम अशीच चित्रं काढत. त्यांना अभिव्यक्तिवादी चित्रकार म्हणतात. माणूस कसा दिसतो यापेक्षा त्याला पाहून मनात काय उसळतं, ते त्यांना दाखवायचं होतं.

कागद-कुंचला त्यांच्याकडे होताच, पण जीव जडला होता लाकडाच्या फळीवर. फळीवर चित्र आखायचं. जिथे कागद कोरा राहायला हवा, तिथलं लाकूड पटाशीने कोरून काढायचं. उरलेल्या उंच भागावर रुळाने काळी शाई लावायची आणि वर कागद ठेवून दाबायचं. ऑफिसातल्या रबरी शिक्क्यासारखंच की! आणि शिक्क्याप्रमाणे इथेही सगळं उलटं. एर्न्स्ट लुडविग किर्शनर या चित्रकाराने १९०६ मध्ये आपल्या ‘ब्रुके’ गटाचा जाहीरनामाच लाकडात कोरला. प्रत्येक अक्षर उलटं! तुम्ही फक्त ‘नागपूर’ उलटं लिहून बघा. ‘पू’च घाम काढेल.

लाकडाला शिरा असतात. शिरांच्या दिशेने पटाशी सरसर जाते, आडवी नेली की अडते, मध्येच ढलपी उडते. म्हणून रेषा टोकदार, तुटक येतात. दुसरा कुणी वैतागला असता, पण या मंडळींना तो रांगडेपणाच आवडायचा.

आता खरी गंमत. चित्र काळं छापलं, मग हिरवे गाल कुठून आले? कधी रंगांसाठी वेगळे ठसे करत, तर कधी चक्क कुंचल्याने हाताने रंग भरत. ओला जलरंग फिरवला तर काळी शाई पसरणार नाही का? नाही! छपाईच्या शाईत तेल असतं. ती वाळली की पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रेघ जागच्या जागी राहते. ठसा एकच, पण हात दर वेळी थोडा वेगळा फिरणार. म्हणून हाताने रंगवलेल्या दोन प्रती तंतोतंत सारख्या होतच नाहीत. मुळात प्रती थोड्या. त्यात १९३७ मध्ये नाझी सरकारने ही चित्रं ‘बिघडलेली कला’ ठरवून संग्रहालयांतून जप्त केली. एकट्या किर्शनरची सहाशेहून जास्त कामं गेली. उरलेली दुर्मीळ झाली, यात नवल काय?

पण मला याहून मोठं नवल वाटतं ते वेगळंच. हा किर्शनर ड्रेस्डेनच्या ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक पाहून वेडावला होता. कशाचं? आपल्या अजिंठ्याचं! मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांतली चित्रं उतरवून घेत होते. त्यातल्या बऱ्याच प्रती १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या, तरी १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ निघाला. किर्शनरने त्यातल्या आकृत्या स्वतः काढून पाहिल्या. सपाट भिंतीवरची माणसं इतकी भरीव कशी दिसतात, हे त्याला शिकायचं होतं. १९११ च्या त्याच्या तळ्याकाठच्या पाच स्त्रियांच्या चित्रात ती गोलाई दिसते.

आणि अजिंठ्याची बरीचशी लेणी कुणाच्या काळात रंगली? पाचव्या शतकातल्या वाकाटकांच्या. त्यांच्या एका शाखेची राजधानी होती वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम. दुसरीची नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. वत्सगुल्मच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव, त्याने सोळावं लेणं करवलं. तिथल्या झिजलेल्या शिलालेखाचा कसून अभ्यास केला तो नागपूरच्या वा. वि. मिराशी यांनी.

अजिंठ्याला गेलात, तर सोळाव्या लेण्याच्या वऱ्हांड्याबाहेर डाव्या भिंतीवर तो लेख शोधा. मग आत जा आणि चित्रं मनसोक्त बघा. फक्त फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा. त्या रंगांना प्रखर उजेड सोसत नाही.