गप्प यंत्राची उलटतपासणी

माहुलच्या रिफायनऱ्या असोत, उरणचा वायूप्रकल्प असो की एखादा एलपीजी बॉटलिंग प्लांट. पंप, कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्हच्या आसपास खांबांना धातूच्या छोट्या डब्या बसवलेल्या असतात. हेच स्थिर गॅस डिटेक्टर. वर्षानुवर्षं त्यांचा निरोप एकच: काही नाही. तो खरा कशावरून मानायचा, यातच या यंत्राची सगळी विद्या आहे.

ज्वलनशील वायूंसाठी सर्वांत रुळलेला प्रकार पेलिस्टर. आत प्लॅटिनमच्या तारेवर घडवलेले दोन इवलेसे मणी असतात, सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापलेले. एकावर उत्प्रेरक असतो. वायू आला की तो त्या मण्यावर जळतो, तारेचं तापमान चढतं, विद्युतरोध वाढतो आणि दुसऱ्या मण्याशी होणारी तफावत मोजली जाते. ही आग बाहेर पसरू नये म्हणून तोंडावर सच्छिद्र धातूची चकती असते. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीने खाणदिव्याला जाळी लावली, त्यामागचंही तत्त्व हेच.

मिथेन हवेत साधारण ५ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. ही खालची स्फोटमर्यादा, म्हणजे ‘एलईएल’. डिटेक्टरची मोजपट्टी या मर्यादेला १०० मानते. म्हणून २० वर अलार्म वाजतो, तेव्हा हवेत मिथेन जेमतेम १ टक्का असतो. माणसांना हालचाल करायला अजून अवधी असतो.

वाचन कंट्रोल रूमकडे ४ ते २० मिलिॲम्पिअरच्या प्रवाहातून जातं. वायू नसतानाही ४ मिलिॲम्पिअर वाहत राहतात, त्यामुळे तार तुटून प्रवाह शून्यावर आला की पॅनेल लगेच बिघाड दाखवतं. पण सिलिकॉन सीलंटच्या वाफेने मण्याचा उत्प्रेरक मेला, तर डिटेक्टर इमानेइतबारे ४ मिलिॲम्पिअरच पाठवत राहतो. मिथेन साधारण १० टक्क्यांच्या वर गेला की जळायला पुरेसा ऑक्सिजन उरत नाही आणि वाचन उलट घसरू लागतं. इन्फ्रारेड डिटेक्टरला या दोन्ही अडचणी नाहीत. त्याची काच मळली तर तो तसं कळवतोही. मात्र हायड्रोजन त्याला दिसतच नाही. हायड्रोजन सल्फाइड, क्लोरीन अशा विषारी वायूंसाठी इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर लागतो. तो अगदी थोडक्या पीपीएमवर बोलतो, पण साधारण दोन-तीन वर्षांत बदलावा लागतो.

जागा चुकली तर उत्तम सेन्सरही निरुपयोगी. मिथेन हवेच्या निम्म्या वजनाचा, म्हणून त्याचा डिटेक्टर छताजवळ. एलपीजी हवेच्या दीडपट ते दुप्पट जड, गटारात आणि खड्ड्यात साचणारा. त्याचा डिटेक्टर जमिनीपासून हात-दीड हातावर. जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनचे टनर, म्हणजे मोठे सिलिंडर, ठेवतात, तिथेही खालीच. अमोनिया हलका, पण द्रवरूपात फुटून आला तर त्याचं थंड धुकं जमिनीलगत सरकतं. म्हणून नकाशावर खुणा करून भागत नाही. वारा कुठून वाहतो, पाणी कुठे तुंबतं हे जागेवर फिरूनच पाहावं लागतं. सेन्सरचं तोंड खाली ठेवायचं, वर पावसाचं आच्छादन लावायचं. आणि सहज हात पोहोचेल अशी सोय ठेवायची, नाहीतर तपासणी कागदावरच होते.

ही तपासणी म्हणजे बंप टेस्ट. इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन ठरलेल्या प्रमाणाचा वायू भरलेला छोटा सिलिंडर नेतो, सेन्सरवर टोपी बसवून वायू सोडतो आणि आकडा किती चढतो, किती वेळात चढतो ते पाहतो. त्याआधी वर्क परमिट घ्यायचं, कंट्रोल रूमला कळवायचं आणि ट्रिप, म्हणजे प्लांट आपोआप बंद करणारी यंत्रणा, बायपास करायची, नाहीतर चाचणीच्या वायूने प्लांट बंद पडेल. काम संपल्यावर बायपास काढायचा. हे शेवटचं पाऊल विसरलं गेलं, तर वायू ओळखणारं यंत्र शाबूत असून उपयोग नाही. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर स्फोट होऊन ११ जण दगावले. तिथला सर्वसाधारण अलार्म आपोआप वाजू नये अशा स्थितीत ठेवला होता, अशी साक्ष तिथल्याच इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञाने चौकशीत दिली.

त्याच्या आदल्या वर्षी जयपूरच्या सीतापुरा डेपोत पेट्रोल तासाभराहून अधिक वेळ गळत राहिलं, मग भडका उडाला. त्यानंतर चौकशीसाठी नेमलेल्या लाल समितीने टाक्यांच्या बांधांजवळ हायड्रोकार्बन डिटेक्टर बसवण्याची शिफारस केली. डिटेक्टर बसवणं ही त्यातली पहिली पायरी. एखाद्या कारखान्याची पारख करायची असेल, तर डिटेक्टर किती, हे नंतर विचारावं. आधी दोन रजिस्टरं मागावीत: प्रत्येकाला शेवटचा वायू कधी दाखवला त्याचं, आणि आज बायपासवर कोण आहे त्याचं.