पहिली घोरपड कोणती?

महाड-पोलादपूर परिसरातील सरपटणाऱ्या प्राण्यांची टिपणे मी बरीच वर्षे ठेवतो आहे. त्यामागे विद्यापीठाची पदवी नाही. पाहणे, वाचणे आणि जाणत्या माणसांना विचारणे एवढेच भांडवल. अलीकडे कॉलेजातली मुले मला एक प्रश्न विचारतात : "काका, पाळायला सुरुवातीला कोणती घोरपड बरी?" परदेशी माणसांच्या खांद्यावर बसलेल्या घोरपडी त्यांनी मोबाइलवर पाहिलेल्या असतात. कधी बांधावर सापडलेले पिल्लू आधीच घरच्या बादलीत असते. प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. उत्तर चुकले तर मुलगा तुरुंगात जाऊ शकतो आणि प्राणी जिवानिशी.

आपल्याकडे घोरपडीची ओळख इतिहासातून होते. पोलादपूर तालुक्यातील उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या कोंढाण्याच्या लढाईतली 'यशवंती' इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पण ती पोवाड्यातून आणि लोककथेतून आली. सभासदाच्या बखरीत मावळे वानरासारखे कडा चढतात. घोरपड तिथे नाही. मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या आडनावामागेही घोरपडीच्या साहाय्याने किल्ला सर केल्याचीच परंपरा सांगतात. या कथांना आधार आहे तो प्राण्याच्या एका खऱ्या सवयीचा. घोरपड फटीत शिरली की नख्या रोवते, अंग फुगवते आणि ओढूनही निघत नाही. मात्र काही किलो वजनाच्या त्या जिवाने दोराला लोंबकळणारा माणूस पेलावा, ही अपेक्षा पोवाड्यातच शोभते.

आता कायदा. भारतात घोरपडीच्या चार जाती आढळतात. आपली नेहमीची घोरपड, पाणघोरपड, पिवळी घोरपड आणि वाळवंटी घोरपड या चारही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. या कायद्यात 'शिकार' म्हणजे केवळ मारणे नव्हे. पकडणे आणि सापळा लावणेही त्यातच येते. शिक्षा किमान ३ वर्षे, कमाल ७ वर्षे कैद. शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड. "मी तर तिला खाऊ घालत होतो" हा बचाव तिथे चालत नाही. असा प्राणी हाती आलाच तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन त्यासाठी उपयोगी पडते.

मग परदेशी जाती? परदेशात नवख्यांना बहुधा दोन नावे सुचवली जातात. पहिले आफ्रिकेतील सव्हाना मॉनिटर. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तिची पिल्ले मोठ्या संख्येने निर्यात होतात, म्हणून ती स्वस्त मिळतात. पिल्लू तळहातावर मावते. मोठे झाले की तीन फुटांच्या आसपास जाते. त्याला कपाटाएवढी नव्हे, लहान खोलीएवढी जागा हवी, बिळे खणायला खोल माती हवी, आणि शेकायच्या दगडाचा पृष्ठभाग ५५-६० अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवा. रानात ती मुख्यतः किडे, गोगलगायी अशा लहान जिवांवर जगते. बंदिवासात सोयीसाठी उंदीर चारले की लठ्ठ होऊन मरते. दुसरे नाव ऑस्ट्रेलियातील ॲकी मॉनिटरचे. ती जेमतेम दोन-सव्वादोन फूट वाढते. ऑस्ट्रेलिया वन्यप्राण्यांची व्यापारी निर्यात करू देत नाही, त्यामुळे बाजारातील प्राणी बंदिवासात जन्मलेला असण्याची शक्यता अधिक. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी घरातील मुलाने विचारले, आणि तिथल्या कायद्याची मुभा असली, तर मी ॲकीचेच नाव घेईन. तेही पिंजरा, दिवे आणि जवळचा पशुवैद्य यांची सोय आधी झाली असेल तरच.

भारतात परदेशी जातही परवानगीशिवाय आणता येत नाही. जगातील सर्व घोरपडी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण-यादीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने अशा प्राण्यांचा ताबा, जन्म, हस्तांतर आणि मृत्यू यांची नोंद सक्तीची केली आहे. कागद न दाखवणाऱ्या विक्रेत्याकडून 'परदेशी' म्हणून घेतलेले पिल्लू आपल्याच रानातले निघाले, तर गुन्हा घेणाऱ्यावरही येतो.

मागणीचा इतिहासही लक्षात ठेवावा. दिमडीच्या कातड्यासाठी, सांधेदुखीच्या तेलासाठी, मटणासाठी घोरपड मारली गेली. 'हाथाजोडी' नावाने वनस्पतीचे मूळ म्हणून पूजेसाठी विकली जाणारी वस्तू म्हणजे नर घोरपडीची वाळवलेली जननेंद्रिये, हे २०१७ मध्ये उघड झाले. पाळण्याची हौस ही त्याच साखळीतली नवी कडी ठरू नये.

म्हणून इथल्या मुलांना मी पाळण्याऐवजी एक काम सांगतो. ऊन चढू लागले की बांधापासून वीस-पंचवीस पावले दूर बसा. घोरपड आधी शेकते, मग जीभ लपलपवत पालापाचोळा उकरते, भुंगेरे आणि अंडी शोधते. तारीख, वेळ, जागा आणि तिने काय खाल्ले ते वहीत लिहा. वर्षभराच्या अशा नोंदी आपल्या तालुक्यातल्या फार थोड्या लोकांकडे असतील.