खांबाचा पाय

जुन्या वाड्याचं दुखणं बहुतेक वेळा दोनच ठिकाणी असतं: कौलांखाली आणि खांबांच्या पायाशी. मधलं सगळं शंभर-दीडशे वर्षं निमूट उभं असतं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या एका वाड्याची दुरुस्ती बघायला गेलो, तेव्हा चौकातला दर्शनी खांब पाहून तो आजारी आहे असं कुणाला वाटलं नसतं. वरचं केळफुलाचं कोरीवकाम शाबूत होतं. मिस्त्रींनी दाभण घेऊन फरशीलगत टोचलं, ते मुठीपर्यंत आत गेलं. वीतभर वर टोचलं, तर टोकसुद्धा शिरेना.

"लाकडाला काही झालं नाही हो, पाय तेवढा गेलाय," ते म्हणाले.

पाय गेला त्याचं कारण फरशीखाली होतं. बांधणाऱ्यांनी खांब जमिनीत गाडलाच नव्हता. खाली घडीव दगडाचा तळखडा, तोही जमिनीपासून चार-सहा बोटं वर, आणि त्यावर खांब. सारवलेल्या जमिनीची ओल लाकडाला लागू नये, एवढ्यासाठीच ती उंची. पुढे कधीतरी सारवण गेलं, शहाबादी आली, तिच्यावर मोझॅक आलं. दर वेळी जमीन चढत गेली आणि तळखडा तिच्या पोटात गडप झाला. लाकडाच्या उभ्या नळ्या खालच्या टोकाला उघड्या असतात, ओल तिथूनच वर ओढली जाते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच राहिला की बुरशी धरते, मागोमाग वाळवी येते. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. कुजलेल्या लाकडाला मात्र लावते.

खांबाला हात लावण्याआधी त्याच्यावरचं ओझं काढून घ्यायचं असतं, आणि निम्मं कसब त्यातच आहे. तुळईखाली खांबाच्या दोन्ही अंगांना लोखंडी टेकू लावले. टेकूंखाली जाड फळ्या घातल्या, कारण मोझॅकखालची भर भुसभुशीत होती. टेकूंच्या डोक्यावर स्क्रूचे जॅक. दोन गडी एकाच वेळी पाव फेरा फिरवत आणि थांबत. माडीवर तिसरा माणूस बसवलेला. तिथल्या भिंतीतल्या तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली होती; भिंत जरा जरी हलली तरी ती तडकणार आणि तो वरून ओरडणार. काही वेळाने मिस्त्रींनी खांब आणि तळखडा यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकवून पाहिलं. सरकलं. तिथेच जॅक थांबवले.

वाकलेली माडी या निमित्ताने सरळ करून घ्यावी, असा मोह घरमालकांना होतो, आणि पुष्कळ कंत्राटदार तो पुरवतात. माझ्या मते हा शुद्ध अत्याचार आहे. खांब, हस्त, तुळया हळूहळू खचत एकमेकांत रुतून बसलेल्या असतात. त्यांना चार दिवसांत समपातळीत आणायला गेलं की सालकुशीचे, म्हणजे खाचेत जीभ बसवून केलेले, सांधे फाटतात. माडी थोडी उतरती राहिली तर राहू द्यावी.

मग कुजका भाग कापला, हातभराचा. सरळ आडवा छेद न देता पायरीसारखा, म्हणजे जुनं आणि नवं लाकूड एकमेकांना कवेत घेतं. जोडायचा तुकडाही सागाचाच होता, पाडलेल्या दुसऱ्या वाड्याचा. जुनं लाकूड पुरतं वाळलेलं असतं, नंतर आकसून सांधा सैल करत नाही. सुताराने छेदावर काव लावली, तुकडा दाबून बसवला आणि काढला. काव जिथे उमटली तो उंचवटा, तेवढाच पटाशीने तासायचा. पुन्हा काव, पुन्हा तासणं. भार सगळ्या छेदावर सारखा उतरायला हवा, चार टेंगळांवर नाही. यातच अर्धा दिवस गेला आणि कुणीही घाई केली नाही. शेवटी दगड आणि लाकूड यांच्यामध्ये शिशाचा पातळ पत्रा घालून जॅक उतरवले.

शेजारच्या खांबाला आधीच्या कुणीतरी गुडघ्यापर्यंत काँक्रीटचं वेष्टण केलं होतं. दिसायला भक्कम. फोडलं तर आत लाकडाचा ओला भुसा. भिंतींचंही तेच. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडत नाही, लोणा लागतो आणि पोपडे माती घेऊनच सुटतात. इथे तो गिलावा खरवडून गूळ-हिरड्याच्या पाण्यात मळलेला चुना लावत होते. चुन्यातून भिंत वाळत राहते. पण तो हवेतून सावकाश घट्ट होतो, त्याला वेळ द्यावाच लागतो.

पुण्यातलाच, दुसऱ्या बाजीराव पेशव्याचा विश्रामबागवाडा १८७९ च्या आगीत होरपळला, लोकवर्गणीतून सावरला, आणि आज तो महापालिकेकडे आहे. पेठांमधल्या खासगी वाड्यांना असा वाली नाही. भाऊबंदकी, जुनी भाडी आणि बिल्डर देऊ करतो ती वाढती किंमत यांत दुरुस्तीचा विषय निघतो तोच मुळी "पडायला झालाय" या वाक्याने. प्रत्यक्षात त्यातले कितीतरी वाडे हातभर लाकडापुरतेच आजारी असतात.

तुमचा असा वाडा असेल, तर पाडायच्या कागदावर सही करण्याआधी एवढं करा. खांबांभोवतीची वीतभर फरशी काढून तळखडे उघडे करा, पन्हळीचं पाणी चौकाबाहेर न्या आणि मोकळी केलेली जागा पुन्हा सिमेंटने बुजवू नका. खर्च फार नाही. मग जुन्या लाकडाचं काम जाणणाऱ्या सुताराला बोलवा आणि आधी त्याचं ऐका.